व्हिडिओ एडिटिंग पुस्तकावरून शिकताना: पहिल्या फोल्डरपासून पहिल्या एक्स्पोर्टपर्यंत

व्यावसायिक एडिटिंग सॉफ्टवेअरचे मार्गदर्शक पुस्तक घेऊन बसलेली बरीच मंडळी तिसऱ्या-चौथ्या धड्यात थांबतात आणि कारण विचारले की ‘पुस्तक अवघड आहे’ किंवा ‘लॅपटॉप झेपत नाही’ असे सांगतात. नाशिकमध्ये लग्नाचे शूट, क्लासचे व्हिडिओ आणि दुकानांच्या जाहिराती करणाऱ्या मुलांचे असे अर्ध्यावर राहिलेले प्रोजेक्ट मी अनेकदा उघडून पाहिले आहेत. दोष बहुतेक वेळा धड्यात नसतो. धडा सुरू होण्याआधी जी तयारी व्हायला हवी होती ती झालेली नसते. म्हणून या लेखात तयारीला जास्त जागा दिली आहे.

उदाहरणांसाठी दाविंची रिझॉल्व्ह हे एडिटिंग सॉफ्टवेअर घेतले आहे. त्याच्या मोफत आवृत्तीत शिकण्यापुरतेच नव्हे तर कामापुरतेही बरेच काही मिळते, आणि ते बनवणारी ब्लॅकमॅजिक डिझाइन कंपनी शिकण्याची पुस्तके व त्यांतल्या धड्यांचे फुटेज स्वतःच्या संकेतस्थळावर विनामूल्य देते. प्रीमिअर प्रो वापरणाऱ्यांनीही हाच क्रम ठेवावा. जिथे फरक पडतो तिथे तसे सांगितले आहे.

टप्पा १: पुस्तक आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती जुळवा

पुस्तकाच्या मुखपृष्ठावर सॉफ्टवेअरचा जो आवृत्ती क्रमांक असतो, तोच तुमच्या संगणकावर आहे का ते आधी पाहा. पुस्तक १८ साठीचे आणि सॉफ्टवेअर २० असेल तर काही बटणे हललेली असतात, काही मेनूंची नावे बदललेली असतात, आणि शिकणारा प्रत्येक पानावर स्वतःचीच चूक शोधत बसतो. मोबाइलवर एकमेकांना पाठवलेली जुनी पीडीएफ घेऊन सुरुवात करणाऱ्यांची हीच गत होते. उपाय दोन आहेत: नव्या आवृत्तीचे पुस्तक घ्यावे, किंवा कंपनीच्या संकेतस्थळावरील सपोर्ट विभागातून पुस्तकाशी जुळणारी सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती उतरवून तीच बसवावी.

सावधान: नव्या आवृत्तीत उघडून जतन केलेले प्रोजेक्ट जुन्या आवृत्तीत परत उघडत नाही. धडे चालू असताना ‘अपडेट उपलब्ध आहे’ असा संदेश आला तर तो बाजूला सारा आणि पुस्तक संपल्यावर पाहा.

मोफत आवृत्तीवर शिकत असाल तर अनुक्रमणिका एकदा चाळून, फक्त सशुल्क स्टुडिओ आवृत्तीत चालणाऱ्या साधनांसमोर पेन्सिलने खूण करा. नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे कमी करणे) हे त्यातले नेहमीचे उदाहरण आहे. मोफत आवृत्तीत असे साधन लावले की चित्रावर वॉटरमार्क येतो, आणि आपण काहीतरी बिघडवले असे वाटून लोक सॉफ्टवेअर काढून पुन्हा बसवतात.

आणखी एक साधी गोष्ट. पंधरा इंची लॅपटॉपवर अर्ध्या पडद्यावर पीडीएफ आणि अर्ध्यावर टाइमलाइन (क्लिप ओळीने लावायची पट्टी) ठेवून शिकता येत नाही, कारण या सॉफ्टवेअरला पूर्ण पडदा लागतो. पुस्तक दुसऱ्या पडद्यावर किंवा टॅबवर उघडा. तेही नसेल तर चालू धड्याची पाने झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणा. छापलेल्या पानावर बाणही काढता येतात.

टप्पा २: संगणक, ड्राइव्ह आणि फोल्डर

रिझॉल्व्हसाठी १६ जीबी रॅम आणि स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असावे. ८ जीबीवर ते उघडते, पण फोर-के क्लिप टाकली की अडखळते. अशा वेळी लगेच नवा लॅपटॉप घ्यायला एमजी रोड गाठू नका. मूळ क्लिपची हलकी प्रत बनवून तिच्यावर काम करण्याची सोय, म्हणजे प्रॉक्सी, वापरा. ते प्रकरण पुस्तकात मागे असले तरी आधी वाचा.

फुटेज पेन ड्राइव्हवरून चालवू नका. शंभर मेगाबिटने शूट केलेल्या फोर-के व्हिडिओला सेकंदाला साडेबारा मेगाबाइट लागतात, म्हणजे तासाला सुमारे ४५ जीबी. साधा पेन ड्राइव्ह एवढे वाचताना दमतो, आणि एकावर एक दोन थर ठेवले की थांबतोच. एसएसडी उत्तम; बाहेरची हार्ड डिस्क असेल तर निदान यूएसबी ३.० ची असावी. तिचा फॉरमॅट फॅट-३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल तिच्यावर बसणारच नाही. ती विंडोज आणि मॅक दोन्हींवर लावायची असल्यास एक्सफॅट ठेवा, मात्र फॉरमॅट बदलताना आतले सगळे पुसले जाते, हे लक्षात ठेवून आधी प्रत काढा.

त्यानंतर एकच मुख्य फोल्डर करा आणि त्याच्या आत फुटेज, आवाज, संगीत, ग्राफिक्स, प्रोजेक्ट आणि एक्स्पोर्ट असे सहा फोल्डर ठेवा. नावे रोमन अक्षरांत व आकड्यांत, मोकळी जागा न सोडता द्या. सॉफ्टवेअरला देवनागरी नावे सहसा चालतात; पण तीच डिस्क दुसऱ्याच्या मशीनवर किंवा जुन्या एखाद्या कन्व्हर्टरमध्ये गेली की नाव तुटते. हा फोल्डर डाउनलोड्समध्ये किंवा डेस्कटॉपवर नको. विंडोजमध्ये डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर अनेकदा वनड्राइव्हला जोडलेले असतात. जागा वाचवण्यासाठी वनड्राइव्ह फाइल वर पाठवून इथे फक्त तिचे चिन्ह ठेवते, आणि मग ‘कालपर्यंत क्लिप दिसत होती’ अशी तक्रार सुरू होते.

धड्यांचे फुटेज झिप फाइलमध्ये येते. विंडोज झिपच्या आत डोकावू देते, त्यामुळे ती उघडली असे वाटते, पण आतल्या क्लिप सॉफ्टवेअरला सापडत नाहीत. झिपवर उजवी क्लिक करून सगळे बाहेर काढा, ते सहांपैकी योग्य फोल्डरमध्ये ठेवा आणि नंतर तिथून हलवू नका.

पडताळणी: प्रेफरन्सेसमध्ये लाइव्ह सेव्ह आणि प्रोजेक्ट बॅकअप हे दोन्ही चालू आहेत ना? डेस्कटॉप संगणकाला यूपीएस आहे ना? उन्हाळ्यात दुपारी वीज गेली की या दोन प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळतात, पण तेव्हा उशीर झालेला असतो.

टप्पा ३: धड्याचे प्रोजेक्ट उघडणे

रिझॉल्व्हमध्ये प्रोजेक्ट मॅनेजरच्या रिकाम्या जागेवर उजवी क्लिक करून ‘इम्पोर्ट प्रोजेक्ट’ निवडा आणि धड्याची डीआरपी फाइल दाखवा. प्रोजेक्ट उघडेल, पण बहुधा सगळ्या क्लिप लाल होऊन ‘मीडिया ऑफलाइन’ असे दिसेल. शिकणारे सर्वांत जास्त इथे घाबरतात.

प्रोजेक्ट फाइलमध्ये व्हिडिओ नसतो. लग्नपत्रिकेवर कार्यालयाचा पत्ता छापलेला असतो, कार्यालय नसते. तसेच हे आहे. पुस्तक लिहिणाऱ्याच्या संगणकावरचा पत्ता तुमच्या संगणकावर लागू होत नाही, एवढाच त्या लाल रंगाचा अर्थ. मीडिया पूलमध्ये (आत आणलेल्या क्लिप जिथे दिसतात तिथे) संबंधित बिन, म्हणजे सॉफ्टवेअरमधला फोल्डर, निवडून उजव्या क्लिकवर रिलिंकचा पर्याय घ्या आणि फुटेजचा फोल्डर दाखवा. क्लिपची नावे बदललेली नसतील तर सगळ्या एकदम जागेवर येतात. म्हणूनच ओळखायला सोपे जावे म्हणून धड्यातल्या फाइलींची नावे बदलण्याचा मोह आवरावा. प्रीमिअरची प्रोजेक्ट फाइलही असाच नुसता पत्ता सांभाळते.

क्लिप दिसू लागल्या की कामाला हात लावण्याआधी प्रोजेक्टची एक प्रत धड्याचा क्रमांक आणि तारीख लावून जतन करा. मूळ प्रत कोरी राहू द्या, कारण पुढच्या टप्प्यात ती पुन्हा लागणार आहे.

टप्पा ४: प्रत्येक धडा तीनदा करा

पहिल्या वेळी माउसला हात न लावता धडा वाचा. या धड्याच्या शेवटी टाइमलाइन कशी दिसायला हवी, एवढेच पाहायचे. दुसऱ्या वेळी पुस्तकाबरहुकूम एकेक पायरी करा. तिसऱ्या वेळी, शक्यतो दुसऱ्या दिवशी, कोरी प्रत उघडा आणि पुस्तक मिटून तोच धडा पुन्हा करा. बहुतेक जण दुसऱ्या वेळेनंतर पुढच्या धड्यावर जातात, आणि पाचव्या धड्यात ‘मागे शिकल्याप्रमाणे क्लिप ट्रिम करा’ असे वाक्य आले की मागची पाने उलटू लागतात. पुस्तक पाहून केलेली कृती हाताला आली असे वाटते. ती आली की नाही ते तिसऱ्या वेळीच कळते.

जवळ एक साधी वही ठेवा आणि प्रत्येक धड्याखाली तीन गोष्टी लिहा: काय करायचे होते, कोणती कळ दाबली, आणि आपले कुठे चुकले. बटणांच्या नावांचे मराठी भाषांतर करू नका. सॉफ्टवेअरमध्ये जे नाव दिसते तेच लिहा, नाहीतर मदत शोधताना तुमचा शब्द कुठेच सापडत नाही.

सुरुवातीला मोजक्याच कळा पाठ करा. जे, के, एल यांनी मागे जाणे, थांबणे आणि पुढे जाणे. आय आणि ओ यांनी क्लिपची सुरुवात व शेवट ठरवणे. ए म्हणजे निवड, टी म्हणजे ट्रिम (क्लिपचे टोक कमी-जास्त करणे), बी म्हणजे ब्लेड (क्लिप तोडणे). एफ-९ ने इन्सर्ट होते, एफ-१० ने ओव्हरराइट. लॅपटॉपवर एफ कळांसोबत एफएन दाबावी लागू शकते, नाहीतर व्हिडिओ जोडला जाण्याऐवजी पडद्याचा उजेड कमी-जास्त होतो.

सावधान: कळा अचानक चालेनाशा झाल्या तर सॉफ्टवेअर बंद करण्याआधी टास्कबारवर भाषा पाहा. शीर्षक टाइप करण्यासाठी मराठी कीबोर्ड चालू केला आणि तो तसाच राहिला की जे, के, एल दाबूनही काही होत नाही.

इन्सर्ट आणि ओव्हरराइट यांतला फरक नीट समजेपर्यंत पुढे जाऊ नका. इन्सर्ट केले की नवी क्लिप मध्ये घुसते आणि पुढचे सगळे उजवीकडे सरकते, टाइमलाइनची लांबी वाढते. ओव्हरराइट केले की नवी क्लिप जुनीच्या अंगावर बसते, लांबी तीच राहते आणि खालचे तेवढे टाइमलाइनवरून जाते. मुलाखतीवर दृश्य टाकायला गेलेल्याने चुकून इन्सर्ट केले तर बोलणाऱ्याचे वाक्य दोन तुकड्यांत फाटते. नवे वाक्य मध्ये जोडायला गेलेल्याने ओव्हरराइट केले तर पुढचे वाक्य निम्मे गायब होते. प्रत्येक क्रियेनंतर टाइमलाइनच्या शेवटच्या क्लिपकडे एक नजर टाकायची सवय लावा. ती हलायला हवी होती का, आणि हलली का, एवढे पाहिले तरी पुरे.

टप्पा ५: प्रकरणांचा क्रम

आधी मीडिया व बिन, मग एडिट, मग ट्रिम, मग आवाज, त्यानंतर रंग, आणि फ्यूजन, म्हणजे इफेक्टचे पान, अगदी शेवटी. पुस्तकाने वेगळा क्रम दिला असेल तरी आवाजाच्या आधी रंगाकडे वळू नका. रंगाचे प्रकरण चित्रामुळे आकर्षक दिसते आणि नवशिके तिथेच रमतात. पण रंग थोडा फिका असलेला व्हिडिओ लोक शेवटपर्यंत पाहतात, आवाज खराब असलेला पाहत नाहीत.

टप्पा ६: स्वतःचे फुटेज

ट्रिमचे प्रकरण संपले की पुस्तकाचे फुटेज बाजूला ठेवून त्याच कृती स्वतः शूट केलेल्या क्लिपवर करा. पुस्तकातल्या क्लिप निवडून, स्वच्छ करून दिलेल्या असतात. खरे अडथळे आपल्या क्लिपमध्ये भेटतात. सरावाला रामकुंडाची गर्दी घेऊ नका, तिथे विषयच हाती लागत नाही. भांडीबाजाराकडे जा आणि तांब्याच्या भांड्यावर मठारकाम करणारा एखादा कारागीर पाहा. “काका, शिकतोय, दहा मिनिटं शूट करू का?” असे विचारून, परवानगी मिळाली तरच कॅमेरा काढा. हातोड्याचा ठोका हे एडिटिंग शिकण्यासाठी उत्तम साहित्य आहे, कारण त्याचा क्षण ठरलेला असतो आणि आवाज टोकदार असतो. चित्र आणि आवाज एका फ्रेमने जरी सरकले तरी ते पकडता येते.

कॅमेरा किंवा फोन सेकंदाला २५ फ्रेमवर आणि शटर १/५० वर ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे दुकानातल्या दिव्यांखाली ३० फ्रेम आणि १/६० शटरवर चित्रात लहरी फिरताना दिसतात. लांबून एक, मध्यम अंतरावरून एक, हाताचा अगदी जवळून एक आणि चेहऱ्याचा एक असे शॉट प्रत्येकी वीस सेकंद घ्या. शेवटी काम थांबलेले असताना तिथला नुसता आवाज अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. ही शेवटची गोष्ट जवळजवळ सगळे विसरतात.

घरी आल्यावर क्लिप टाकण्याआधी प्रोजेक्ट सेटिंग उघडा. रिझॉल्व्हच्या नव्या प्रोजेक्टमध्ये टाइमलाइन फ्रेम रेट २४ असतो. तो २५ करा. मीडिया पूलमध्ये क्लिप आल्यावर हा पर्याय बंद होतो. पहिली क्लिप टाकताना फ्रेम रेट बदलायचा का, असा प्रश्न सॉफ्टवेअर विचारते आणि घाईत बहुतेक जण काहीतरी एक दाबून मोकळे होतात. तो वाचून उत्तर द्या.

फोनच्या क्लिपमध्ये अनेकदा फ्रेमचा वेग स्थिर नसतो. सुरुवातीला ठोका आणि आवाज जुळलेले असतात आणि दोन-तीन मिनिटांनी आवाज मागे पडत जातो. असे झाले तर टाइमलाइनवर आवाज ओढून दुरुस्ती करत बसू नका. हँडब्रेक या मोफत साधनात ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून क्लिप बदलून घ्या आणि मगच आत आणा.

पडताळणी: सर्वांत लांब क्लिपचा पहिला आणि शेवटचा ठोका पाहा. दोन्ही ठिकाणी हातोडा भांड्याला लागतो त्याच फ्रेमवर आवाजाचे टोक दिसते का?

टप्पा ७: रफ कट आणि ट्रिम

आधी शॉट फक्त क्रमाने लावा. टोके बारीक करण्याच्या मागे लागू नका. कच्चा कट तयार झाला की एकदा न थांबता पूर्ण पाहा आणि मग ट्रिमला बसा.

आता एकच कट जवळून पाहू. मध्यम शॉटमध्ये कारागीर हातोडा उचलतो आणि पुढच्या शॉटमध्ये जवळून ठोका दिसायला हवा. नवशिका पहिला शॉट हातोडा वर थांबला असताना तोडतो आणि दुसराही हातोडा वर थांबलेला असतानाच सुरू करतो. हातोडा दोनदा थांबतो आणि कट डोळ्याला खुपतो. त्याऐवजी पहिल्या शॉटमध्ये हातोडा खाली येऊ लागल्यावर दोन-तीन फ्रेम जाऊ द्या, तिथे तोडा, आणि जवळचा शॉट हातोडा साधारण तितक्याच उंचीवरून खाली येत असताना सुरू करा. २५ च्या वेगात एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. ट्रिम मोडमध्ये कटावर उभे राहून एकेक फ्रेम मागेपुढे करा आणि प्रत्येक वेळी कटाच्या दोन सेकंद आधीपासून चालवून पाहा. थांबलेल्या चित्रावरून कट ठरवू नका. आवाज मात्र दोन्हींचा तोडू नका. एकाच शॉटचे ठोके खालून सलग चालू ठेवले की वरचा कट जाणवत नाही.

इथल्या दोन चुका नेहमीच्या आहेत. ट्रिम करताना चित्र आणि आवाज यांची जोडणी तुटते आणि क्लिपवर लाल आकडा येतो. चित्र आणि आवाज किती फ्रेमने सरकले ते तो सांगतो, म्हणून दिसताच अनडू करा. दुसरी चूक डिझॉल्व्ह, म्हणजे एक शॉट दुसऱ्यात विरघळवणे, लावताना होते. क्लिप अगदी टोकापर्यंत वापरलेली असेल तर डिझॉल्व्हसाठी जादा फ्रेमच उरत नाहीत आणि तो लागत नाही. शूट करताना क्रिया सुरू होण्याआधी आणि संपल्यानंतर काही सेकंद कॅमेरा चालू ठेवण्याचे कारण हेच.

टप्पा ८: आवाज आणि रंग

बोलण्याच्या आवाजाची टोके उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान ठेवा आणि शून्याला कुठेही टेकू देऊ नका. दोन वाक्यांमधली मोकळी जागा कोरी सोडू नका. त्यासाठीच तो अर्ध्या मिनिटाचा आवाज घेतला होता. तो खालच्या ट्रॅकवर सलग पसरा. संगीत सर्वांत शेवटी टाका, म्हणजे खराब कट त्याच्याखाली लपवण्याची सवय लागत नाही.

रंगात सुरुवातीला उजेड, कॉन्ट्रास्ट आणि पांढरा तोल (व्हाइट बॅलन्स) एवढेच करा, आणि पडद्यावर विश्वास न ठेवता स्कोप (उजेड आणि रंग मोजणारे आलेख) पाहून करा. तांबे मुळातच तांबूस असते. ते ‘सुधारायला’ जाऊन कारागिराचा हात निळा पडलेला मी पाहिला आहे.

टप्पा ९: देवनागरी शीर्षके

इंग्रजी पुस्तकात हे प्रकरण नसते आणि आपल्या प्रत्येक कामात ते लागते. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर इथे चिकटवला की वेगळीच चिन्हे उमटतात. ‘मुक्त’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ या नावांच्या फॉन्टसारखा युनिकोड फॉन्ट घ्या. चाचणीसाठी ‘त्र्यंबकेश्वर’ हा एकच शब्द पुरेसा आहे: पहिले जोडाक्षर सुटून पाय मोडलेला त दिसला, तर सॉफ्टवेअर अक्षरे नीट जोडत नाही असे समजा. ‘गोदाकिनारी’ टाइप करून ऱ्हस्व वेलांटी क च्या आधी बसते का तेही पाहा. प्रीमिअरमध्ये असे झाले तर प्रेफरन्सेसच्या ग्राफिक्स विभागात टेक्स्ट इंजिन दक्षिण आशियाई करा आणि शीर्षक नव्याने टाका. रिझॉल्व्हमध्ये साधे टेक्स्ट आणि टेक्स्ट-प्लस ही दोन्ही साधने आजमावा आणि जे नीट जोडते ते वापरा. कशानेच जमले नाही तर शीर्षक दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पारदर्शक पीएनजी म्हणून बनवून आणा.

अक्षरांमधले अंतर वाढवणारा ट्रॅकिंगचा आकडा देवनागरीला शून्यच ठेवा. तो वाढवला की शिरोरेषा तुटते.

टप्पा १०: एक्स्पोर्ट आणि जपणूक

डिलिव्हर पानावर एच.२६४, १९२० बाय १०८० आणि २५ फ्रेम निवडा. रेंडर (अंतिम फाइल तयार करणे) ‘एन्टायर टाइमलाइन’वर आहे ना ते पाहा, कधीतरी लावलेले आय आणि ओ तसेच राहिले तर तेवढाच तुकडा बाहेर पडतो. फाइल एक्स्पोर्टच्या फोल्डरमध्ये जाईल असे ठरवा. ‘अ‍ॅड टु रेंडर क्यू’ दाबल्यावर काम सुरू होत नाही, ते फक्त रांगेत लागते. त्यानंतर ‘रेंडर ऑल’ दाबावे लागते. अर्धा तास वाट पाहून ‘रेंडर होतच नाही’ असा फोन करणारे दर महिन्याला एक तरी असतात.

तयार फाइल फोनवर घेऊन हेडफोन लावून पूर्ण पाहा आणि चुका वेळेसकट वहीत लिहा. चुका दुरुस्त करून अंतिम फाइल निघाली की प्रोजेक्ट मॅनेजरमध्ये उजव्या क्लिकवर ‘एक्स्पोर्ट प्रोजेक्ट अर्काइव्ह’ घ्या. त्यात प्रोजेक्टसोबत फुटेजही एकत्र बांधले जाते. प्रीमिअरमध्ये हेच काम फाइल मेनूतला प्रोजेक्ट मॅनेजर करतो. तो अर्काइव्ह दुसऱ्या डिस्कवर ठेवा, मित्राच्या त्याच आवृत्तीच्या संगणकावर उघडून एकही क्लिप लाल नाही ना ते बघा, आणि त्यानंतरच कॅमेऱ्याचे कार्ड पुसा.